तातू गावड्याचा गज

फार वर्षांपूर्वी, आमच्या आंबेखोल गावात मोटार सोडाच, छत्रीसुद्धा एकच होती तेव्हा, तातू गावडे नावाचा एक बंदूकवाला राहायचा. आता बंदूक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. ते विसरा. तातूची बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग काथ्याचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि हे सगळं लांब लोखंडी गजाने ठासायचं. मग गज बाहेर काढायचा आणि मगच चाप ओढायचा. गज बाहेर काढायचा, एवढं ध्यानात ठेवा.

तातूने बंदुकीचं नाव भागीरथी ठेवलं होतं. ती इतकी लांब, की तिचा दस्ता माजघरात ठेवला तर तोंड अंगणात निघायचं, असं म्हणतात. तातूला ना बायको, ना मूल. घरात माणसं किती म्हणून विचारलं तर म्हणायचा, "दोन. मी आणि ती." शिमग्याच्या गावपारधीत पहिला बार काढायचा मान सात पिढ्या त्याच्या घराण्याकडे होता, आणि तो मान त्याने जिवापलीकडे जपला होता.

गावात बंदूकवाले आणखीही होते. रोज दुपारी रवळनाथाच्या देवळासमोर पारावर जमायचे, बंदुका मांडीवर घेऊन बसायचे आणि बोलायचे. काय बोलायचे! कुणाच्या आजोबाने एका छर्ऱ्यात दोन ससे पाडले, कुणाच्या बंदुकीच्या आवाजाने फणस गळले. त्यांच्या गप्पांत जेवढी डुकरं मेली, तेवढी सगळ्या कोकणात जन्मली नसतील.

एके वर्षी अंतोबा परब बेळगावहून काडतुसांची नवी दुनळी घेऊन आला. काय तिची चकाकी! अंतोबा पारावर बसून म्हणाला, "तातू, तुझी भागीरथी ठासून होईसर माझी दोनदा बोलता."

"दोनदा बोलता," तातू म्हणाला, "कारण पयल्यांदा कोणी ऐकणत नाय!"

सगळा पार हसला आणि अंतोबाचं डोकं फिरलं. त्याने भर पारावर पैज लावली. उद्याच्या पारधीत जो पहिलं डुक्कर पाडेल, मान त्याचा. जो हरेल, त्याने आपली बंदूक कायमची देवळात ठेवायची. तातू माघार कुठला घ्यायला? "चल," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डुकरं उठवायला हाकारे रानात शिरले. तातू आणि अंतोबा कातळावर शेजारीशेजारी उभे राहिले. गप्प राहायचं की नाही? छे! अंतोबाने काडतुसं काढून तातूला दाखवली, त्यांचं कौतुक सांगितलं आणि बोलता बोलता परत पिशवीत टाकली. तातूनेही बंदूक ठासता ठासता आपल्या पणज्याची गोष्ट लावली. गोष्ट अशी रंगली की गज नळीतच राहिला.

आणि डुक्कर आलं. रेड्याएवढं होतं, असं म्हणतात. ते सरळ अंतोबावर धावलं. अंतोबाने एक चाप ओढला, खट्. दुसरा ओढला, खट्. काडतुसं पिशवीत! तातूने अंतोबाचा पांढराफटक चेहरा पाहिला. पैज, मान, सगळं विसरला आणि चाप ओढला.

असा आवाज झाला की पलीकडच्या गावात लोकांनी लग्नाची वरात आली म्हणून दारं उघडली. तातू उडून करवंदीच्या जाळीत पडला. गज सणसणत गेला आणि डुकराच्या नाकापुढे कातळात हातभर रुतला. डुक्कर जागच्या जागी फिरलं आणि जे पळालं, ते घाट चढूनच थांबलं. गज संध्याकाळपर्यंत झणझणत होता. सहा जणांनी ओढला, पण हलला नाही.

डुक्कर पडलं नव्हतं, म्हणजे तातूच्या हिशेबाने तो पैज हरला. तातूने भागीरथीला खोबरेल तेल लावलं, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि देवळात आणून ठेवलं. तेवढ्यात अंतोबा आला आणि त्याने आपली दुनळी तिच्या बाजूला ठेवली. म्हणाला, "हरलंय मी. तुझ्या गजान माका जितो ठेवल्यान."

देवळाचा बाबी गुरव दोघांवर खेकसला, "देव बंदुको घेवन काय करतलो? तेका खंय पारधीक जावचा आसा? तेका कातळातलो गज पावलो. उचला आपापली!"

पण गजाशिवाय ठासणीची बंदूक काय कामाची? अंतोबाने आठ दिवस बसून शिवणीच्या लाकडाचा नवा गज तासला आणि आंधळ्यालाही दिसावा म्हणून त्याला लालभडक चिंधी बांधली. पुढे दर शिमग्याला तातू मानाचा बार काढायला उभा राहिला की अंतोबा ओरडायचा, "तातू, गज खंय?" तातू लाल चिंधी उंच धरून म्हणायचा, "हातात आसा!" सगळा गाव हसायचा, आणि सगळ्यांत मोठ्याने तातू.

तातू गेला तेव्हा मागे कुणी नव्हतं. जाताना त्याने भागीरथी अंतोबाच्या हाती दिली. त्या शिमग्याला म्हातारा अंतोबा तिला घेऊन उभा राहिला खरा, पण आता विचारणार कोण? त्याचे डोळे भरून आले. मग सगळा गाव एका आवाजात ओरडला, "तातू, गज खंय?" अंतोबाने चिंधी वर धरली. "हातात आसा!"

आता पारध बंद झाली. डुकरं खुशाल फिरतात. पण गज गंजून गेला तरी कातळावरच्या त्याच्या भोकाला आम्ही अजून तातूचा गज म्हणतो, आणि पारावर कुणी फार फुशारकी मारू लागला की त्यालाही विचारतो, गज काढलास का? शिमग्याला देवापुढे एकच बार निघतो. बंदूक धरणारा परब असो, गुरव असो, गेल्या वर्षी तर सरपंचबाई होत्या, गाव त्याला तातूच म्हणतो. तीनदा विचारतो, आणि चिंधी दिसल्याशिवाय बार काढू देत नाही.