देव तरी कुठं जातात?

नवरा गेला, पण त्याची मोटारसायकल द्वारकाबाईंनी पडवीतून हलू दिली नाही. तेलपाणी स्वतः करायच्या. गुडघे कुरकुरू लागले, गाडीपाशी खाली बसवेना, तेव्हा दुकानदारानं दाखवलेली गॅरेजातली अवाढव्य लिफ्ट नाकारून त्यांनी पडवीत मावेल अशी, पायानं दाबून गाडी उचलणारी लिफ्ट आणली.

एके सकाळी दीर त्र्यंबकराव देवपूजा आटोपून, कपाळी गंध लावून, गाडीला गिऱ्हाईक घेऊनच आले. लिफ्ट बघून हसले.

"वहिनी, जी गाडी कुठं जात नाही, तिची एवढी सेवा कशाला? विकून मोकळ्या व्हा."

"भावजी, तुमचे देव तरी कुठं जातात? रोज अंघोळ घालताच ना?"

त्र्यंबकरावांनी गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. बाईंनी अधांतरी चाक हातानं फिरवलं. चेनचा तोच ओळखीचा आवाज झाला, आणि सवयीनं त्यांची नजर फाटकाकडे गेली.