मधून शिवलेली वाकळ

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. सावरघळच्या डोंगरावर तेव्हा मोटाररस्ता चढला नव्हता, आणि पठारावरून सुटलेला वारा वाटेत कुठंही न थांबता थेट गावात शिरायचा. आजही शिरतो म्हणा, पण तेव्हा त्याला अडवायला गावाजवळ वाकळेखेरीज दुसरं काही नव्हतं.

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानं शिवलेलं पांघरूण. कुणी तिला गोधडी म्हणतं. सावरघळात ती घरोघरी शिवली जायची, पण हौसेनं कुणी शिवत नव्हतं. दळण उरकावं, शेणकूर काढावा, तशा बाया वाकळा उरकायच्या. मान आखडायची, बोटांना सुया टोचायच्या, आणि शिवता शिवता त्या वाऱ्याला मनसोक्त शिव्या देऊन घ्यायच्या.

अशा गावात बायना सून म्हणून आली. तिला वाकळ शिवायचं वेडच होतं. सगळी कामं आवरली की बाकीच्या बाया जरा अंग टाकायच्या, आणि ही सुई घेऊन बसायची. हिरव्याशेजारी जांभळा तुकडा ठेवून बघायची, मग लांब जाऊन बघायची, मान वाकडी करून बघायची, आणि स्वतःशीच खुदकन हसायची. सासूबाई म्हणायच्या, घरात वाकळांची रास पडलीय, आता काय म्हशीला पांघरायच्यात? बायनानं एक वाकळ खरंच म्हशीला शिवली. असं म्हणतात, त्या हिवाळ्यात म्हैस शेर-दोन शेर दूध जास्त द्यायला लागली, आणि सासूबाईंचं तोंड तेवढ्यापुरतं बंद झालं.

पण हौस अशी गोष्ट आहे की ती एकटीला पुरत नाही. साधलेला टाका कुणाला तरी दाखवावासा वाटतो. बायना येणाऱ्याजाणाऱ्या बाईला ओसरीवर बोलवायची, हातात सुई द्यायची आणि म्हणायची, एवढी एक ओळ घाल की. एक ओळ घालायला बसलेली बाई चूल पेटवायची वेळ झाली तरी उठत नसे. अशानं बायनाच्या ओसरीवर दुपारची बैठक भरायला लागली. गप्पा व्हायच्या, नकला व्हायच्या, कुणाची सासू कशी घोरते हेही करून दाखवलं जायचं. ज्या कामानं बायांची मान आखडायची, त्याच कामाला आता त्या घाईघाईनं भाकऱ्या थापून यायला लागल्या.

या बैठकीत सगळ्यांत सुरेख हात होता सारजाचा. सारजा गावातल्या सुताराची बहीण. नवऱ्यानं तिला टाकून दुसरी केली होती, तेव्हापासून ती भावाकडे राहत होती. बोलायची कमी. टाका मात्र असा, की जणू कापडावर तीळ पेरत निघालीय. बायना तिच्या शेजारी बसायला धडपडायची, आणि सारजाही हसायची ती तिथंच हसायची. दुसरीकडं तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

आता सावरघळात वाकळ शिवायची एक रीत होती. शिवण काठापासून सुरू व्हायची आणि फेऱ्याफेऱ्यानं आत आत जायची. शेवटी मधोमध हाताच्या पंजाएवढी जागा राहायची. त्या जागेला म्हणायचे वाकळेचं पोट. पोट शिवून बंद करण्याआधी त्यात भाकरीचा कोरका आणि चिमूटभर हळदकुंकू घालायचं. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याची झोप खाते, अशी समजूत. हा घास सवाशणीनंच घालायचा, आणि त्या वेळी विधवेनं किंवा टाकलेल्या बाईनं वाकळेवर बसायचं नाही.

म्हणून काय व्हायचं, की काठापासून सारजा शिवत यायची, सगळ्यांपेक्षा जास्त आणि सगळ्यांपेक्षा चांगलं शिवायची, आणि शिवण पोटाशी आली की कुणीतरी म्हणायचं, सारजे, ऊठ बाई आता. म्हणणारीच्या मनात वाईट नसायचं. पाट मांडल्यावर पाणी ठेवावं तितक्या सहज म्हणायची. सारजा उठायची, मांडीवरचे दोरे झटकायची आणि कुणाकडे न बघता घरी जायची. पुढच्या वाकळेला यायला तिला दर वेळी जास्त दिवस लागायला लागले. एकदा तर ती आलीच नाही. बायना बोलवायला गेली, तेव्हा ती चुलीपुढं पाठमोरी बसून राहिली आणि म्हणाली, ‘‘उठायचंच आसंल तर बसायचं कशाला, अक्का?’’

बायनाच्या जिवाला ते फार लागलं. तिला कळून चुकलं, की या बाईला जगात बसायला एवढीच एक जागा आहे, आणि तीही आता जाणार. पण बायना पडली घरची धाकटी सून. पिढ्यानपिढ्यांची रीत मोडा म्हणून सांगायला गेली असती तर तिचं ऐकतो कोण? रोज ती शिवायला बसायची, आणि तिला पहिल्यांदाच शिवणं गोड लागेना. असं म्हणतात, ती काही दिवस नुसती सुई हातात धरून वाकळेकडे बघत बसली होती. आणि बघता बघता तिला दिसलं, की भांडून जे व्हायचं नाही ते कापडात करता येईल.

दुसऱ्या दिवशी तिनं सारजाला हाताला धरून आणलं. ओसरीवर मोठं लुगडं अंथरलेलं नव्हतं. वीतभर लाल तुकडा होता फक्त, आणि त्याच्यावर भाकरीचा कोरका.

‘‘ह्या वाकळंचा घास आधी घालायचा,’’ बायना म्हणाली. ‘‘मग शिवत शिवत भाईर जायाचं. घास तू घाल.’’

सारजानं हात मागं घेतला. ‘‘माज्या हातनं? मग ही वाकळ पांघरंल कोन?’’

‘‘मी पांघरीन.’’

सारजानं घास घातला. त्यावर दुसरा तुकडा ठेवून टाका घेतला, आणि वाकळ पोटापासून सुरू झाली. आजवरची वाकळ शिवली तशी आकसत जायची, बसणाऱ्या बायांची जागा कमी कमी होत जायची. ही मात्र कडेकडेनं तुकडे जोडत वाढायला लागली. जितकी शिवावी तितकी बसायला जागा जास्त. उठायची वेळच येईना.

गावात बोभाटा व्हायला किती वेळ लागतो? पाटलीणबाई म्हणजे गावच्या रीतीभातींच्या राखणदार. त्यांनी स्वतः येऊन वाकळ बघितली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की टाकलेलीनं घास घातलाय आणि शिवण भाईर चाललीया, तिच्यासंगट लक्ष्मीबी भाईर चालत जाणार. माझ्या उंबऱ्याच्या आत ही वाकळ यायची न्हाय. पाटलीणबाई दुष्ट नव्हत्या बरं का. कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिलं दूध त्यांच्याकडून जायचं. पण त्यांच्या शब्दापुढं गावाचं काही चालत नसे. बायनाची बैठक मोडली. सासूबाईंनी वाकळ उचलून गोठ्यात टाकली.

बायना आणि सारजा गोठ्यात बसून शिवायला लागल्या. आधी म्हैस तेवढी सोबतीला होती. मग मेंढरं घेऊन चाललेली धनगरीण पाणी प्यायला थांबली, तिनं जुन्या घोंगडीची काळी पट्टी जोडली. कासारीण बांगड्या भरायला आली, ती चोळीचा खण देऊन गेली, आणि जाताना एक ओळ घालून गेली. वाटसरू बाया या गोठ्यात टेकायला लागल्या. प्रत्येकीजवळ तिच्या तिच्या गावची गोष्ट होती. गोठ्यातलं हसू गावभर ऐकू जायचं, आणि गावच्या बायांचे हात घरच्या कामात चालेनासे झाले. मग एक आली ती म्हशीचं शेण मागायला. दुसरी आली तिला शोधायला. खुद्द सासूबाई खडसावायला म्हणून आल्या, त्यांना एक ओळ वाकडी दिसली, ती उसवून सरळ करायला त्या खाली बसल्या, आणि अंधार पडेपर्यंत तिथंच होत्या.

वाकळ वाढतच गेली. गोठ्यात मावेना तेव्हा देवळापुढच्या सावरीच्या झाडाखाली नेली. तिथंही पुरेना. असं म्हणतात, ती उन्हाला घातली की पलीकडच्या डोंगरावरच्या लोकांना वाटायचं सावरघळात फुलांचं पीक आलंय. असंही म्हणतात, की ती घडी घालून हलवायला बैलगाडी लागायची, आणि बायना डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवून सांगायची, हा तुकडा कुणाच्या लुगड्याचा, आणि ते नेसून ती कुठल्या लग्नाला गेली होती. पाटलीणबाई मात्र देवळात यायच्या त्या वाकळेला वळसा घालून, पदर सावरून.

मग तो पौष आला. आधी अवकाळी पाऊस पडून सगळी लाकडं, सगळ्या गोवऱ्या भिजल्या, आणि त्यावर थंडी उतरली. असली थंडी आधी कुणी पाहिली नव्हती. घागरीत पाणी गोठलं, हरभरा जागच्या जागी करपला, पाखरं फांदीवरून टपाटप पडली. चुली पेटेनात. बायनानं वाकळ देवळाच्या मंडपात नेऊन पसरली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिच्याखाली घेतलं. मग पोरंबाळं आली, मग अख्खं गावच आलं. असं म्हणतात, येणारा माणूस काठाशी उभा राहिला की वाकळ त्याच्यापुरती पुढं सरकायची. मधोमध, पोटाच्या जागी, बायनानं सारजाला बसवलं होतं, म्हणजे तिला चहूकडच्या पोरांना जवळ ओढून घेता येईल.

पाटलाच्या घरचे तेवढे आले नव्हते. त्यांची लेक हिरा बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि त्याच थंडीत तिला मुलगी झाली. पोर अंग धरेना. ओठ निळे पडले, दूध ओढायची ताकद राहिली नाही. ओल्या लाकडाच्या धुरानं ती गुदमरायला लागली म्हणून शेगडीही विझवली. पाटलीणबाईंनी घरातली सगळी घोंगडी लेकीवर आणि नातीवर घातली. ओझं झालं, ऊब काही येईना. शेवटी सुईण म्हणाली, की कापडाचं काम संपलं, आता हिला माणसांची ऊब पाहिजे.

पाटलीणबाईंनी नात छातीशी धरली, हिराला आधार दिला आणि ज्या उंबऱ्याची आण घातली होती तो उंबरा ओलांडून त्या देवळाकडे निघाल्या. त्या मंडपात आल्या. वाकळेखालच्या माणसांनी बाजूला होत त्यांना मधपर्यंत वाट करून दिली. आणि सारजानं बाळंतिणीला बघितलं, मान खाली घातली, मांडीवरची पोरं बाजूला केली, आणि सवयीनं उठायला लागली.

बायनानं ते पाहिलं. तिला माहीत होतं, सारजा आज उठली तर पुन्हा कधीच बसणार नाही. वर्षानुवर्षांची शिवण, सगळ्या गावाची लुगडी, सगळं एका क्षणात काठापासून आत शिवल्यासारखं होणार. पाटलीणबाई सारजाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या छातीशी पोर हलतसुद्धा नव्हती.

‘‘सारजे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘उठू नगंस. बस. मांडीवर घे हिला.’’

सारजा बसली. बायनाला रडू आवरेना, आणि तिनं ते आवरलंही नाही. पोरीला सारजाच्या मांडीवर ठेवलं, हिराला तिला टेकून बसवलं, आणि अख्खं गाव त्या दोघींभोवती दाटीवाटीनं सरकलं. कुणाचा श्वास, कुणाची पाठ, कुणाची कूस. पाटलीणबाई स्वतः काठाशी, वारा लागत होता तिथं, बसल्या. किती वेळ गेला कुणी सांगत नाही. पोरीच्या ओठांना रंग आला, तिनं तोंड वाकडं केलं, आणि असा टाहो फोडला की देवळाची घंटा आपोआप वाजली, असं म्हणतात. सकाळी उजाडलं तेव्हा देवळापुढची सावर भर पौषात लालभडक फुलली होती.

पुढं बायना म्हातारी झाली, गावाची बायनाक्का झाली, आणि शेवटपर्यंत शिवत राहिली. ती गेली तेव्हा वाकळ तिच्यावर घालावी असं काहींचं म्हणणं पडलं. सारजा म्हणाली, अक्काला एकटीला पांघरायची कधी हौस नव्हती. मग तिनं कात्री घेतली, आणि त्या वाकळेचा एकेक तुकडा घरोघर दिला. पाटलाच्या घरचा तुकडा न्यायला हिराची लेक आली होती, तेव्हा ती स्वतःच लेकुरवाळी झालेली होती.

आजही सावरघळात वाकळ मधूनच सुरू होते. पोटात घास घालायचा तो आधी, आणि तो घालायचा मान, गावात ज्या बाईला त्या वर्षी सगळ्यांत जास्त सोसावं लागलं तिचा. काठ कधी दुमडून बंद करत नाहीत, शेवटच्या दोऱ्याला गाठ मारत नाहीत, सुई तशीच टोचून ठेवतात. पौषात सावरीखाली बायनाक्काची बैठक भरते. घरच्या, दारच्या, लग्न होऊन आलेल्या, परत आलेल्या, वाटेनं जाताना नुसत्या थांबलेल्या, सगळ्या बसतात. नवीन बाई आली तर ती कोण, कुणाची, हे कुणी विचारत नाही. थोडं थोडं सरकतात, आणि तिच्यासाठी जागा करतात.