सतरावी फरशी

रुईगडच्या राजे वीरधवलांच्या पटावर सोळा फरश्या बसायच्या आणि सतरावी अडायची.

खेळ तसा साधा होता. चंदनाचा चौकोनी पट, त्यावर सहा ओळींत सहा-सहा अशी छत्तीस घरं. पितळेचे दोन सिंह, एकेका घरात एकेक उभा करायचा. उरलेल्या चौतीस घरांसाठी हस्तिदंताच्या सतरा फरश्या, प्रत्येक फरशी शेजारशेजारची दोन घरं झाकणारी. सगळी घरं झाकली की जिंकलं. एका परदेशी व्यापाऱ्यानं हा पट नजर केला, खेळ समजावला आणि तो आपल्या वाटेनं गेला. त्यानं दिले तेव्हा सिंह मोकळे होते. राजांना ते रुचलं नाही. त्यांनी कासाराला बोलावून एक सिंह वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि दुसरा खालच्या उजव्या कोपऱ्यात पक्का ठोकून घेतला. राजाचे सिंह घरोघर फिरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं.

तेव्हापासून महिनाभर राज्यात दुसरं कामच नव्हतं. सेनापतींनी सतरावी फरशी तलवारीनं कापायचा सल्ला दिला. त्यांना दुसरा सल्ला येतही नसे. राजपंडित म्हणाले, सतरावी फरशी सूक्ष्मरूपानं बसलेलीच आहे, पण ती फक्त पुण्यवंतांनाच दिसते. राजे खूश झाले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती आपल्यालाही दिसत नाही. पंडितांची त्या महिन्याची दक्षिणा थांबली.

अशा दिवसांत दरबाराची फरसबंदी करणारा भिवा पटाजवळ गुडघ्यांवर बसून काम करत होता. चाळीस वर्षं फरश्या बसवलेला माणूस. त्यानं पटाकडे एकदा पाहिलं आणि सहज बोलून गेला, "महाराज, हे बसायचं नाही."

"असं?" राजे म्हणाले. "मग हे बसेपर्यंत तू बस."

आणि भिवाला किल्ल्याच्या कोठडीत बसवलं.

ही बातमी घरी आली तेव्हा भिवाची लेक सगुणा चुना मळत होती. ती अठरा वर्षांची, बापाच्या हाताखाली फरश्या लावत वाढलेली. तिला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. बाप खरं बोलला असणार, हे तिला ठाऊक होतं. का खरं, ते मात्र बापालाही सांगता आलं नसतं. तिनं अंगणात कोळशानं छत्तीस घरं आखली, दोन कोपऱ्यांत दगड ठेवले आणि खापरीचे तुकडे लावायला बसली. दहा वेळा लावले. दहाही वेळा दोन घरं उरली, आणि एकदाही ती दोन घरं एकमेकांना लागून आली नाहीत. तेव्हा तिनं एक आड एक घर चुन्यानं रंगवलं, बराच वेळ त्याकडे पाहिलं आणि हात धुऊन लुगडं बदललं.

ती थेट दरबारात जाऊन उभी राहिली. "महाराज, मी तुम्हांला हा खेळ शिकवायला आले आहे," ती म्हणाली.

सेनापती हसले. राजे हसले नाहीत, त्यांना खरंच शिकायचं होतं. "शिकव. पण बापासारखं 'बसायचं नाही' म्हणालीस, तर कोठडीत जागा आहे."

"मी काहीच म्हणणार नाही. म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. फक्त राणीसाहेबांकडून हळद आणि कुंकू मागवा."

हळदकुंकू आलं. सगुणानं चंदनाच्या पटावर एक घर हळदीचं, एक कुंकवाचं अशी सगळी घरं रंगवली. पट खराब होतोय म्हणून कारभाऱ्यांना घाम फुटला.

"हळद म्हणजे नवरा, कुंकू म्हणजे नवरी," ती म्हणाली. "शेजारची दोन घरं कधी एका रंगाची नसतात. म्हणून फरशी कशीही ठेवा, तिच्याखाली एक नवरा आणि एक नवरी येणारच. एक फरशी, एक लग्न. लावा महाराज."

राजांनी सोळा लग्नं लावली. दोन घरं उरली. दोन्ही कुंकवाची.

राजांनी फरश्या उचलल्या आणि पुन्हा लावल्या. पुन्हा दोन नवऱ्या उरल्या. तिसऱ्यांदाही तेच.

"नवऱ्या किती आहेत?" राजांनी आता मोजायला घेतलं. "अठरा. आणि नवरे सोळा." ते थांबले. "मग सतरावं लग्न लागेल कसं?"

"राजाज्ञा काढा की," सगुणा म्हणाली. "महिनाभर दरबारात तेच तर चाललंय."

पंडितांनी मान खाली घातली. राजांचा चेहरा मात्र कुंकवासारखा झाला. "म्हणजे तूही तेच म्हणतेस! पण हा पट भरणार असा मी शब्द दिलाय. राजाचा शब्द पडू देणार आहेस का?"

"मुळीच नाही. दोन नवरे हरवलेत ना? ते कुठं आहेत, हे कुणी पाहिलं का?"

राजे पटावर वाकले. पटाचे दोन कोपरे हळदीचे होते आणि दोन्हींवर सिंह उभे होते.

"दोन्ही नवऱ्यांच्या उरावर तुमचे सिंह उभे आहेत, महाराज. त्यातला एक सिंह एक घर सरकवा. एक नवरा सुटेल, एक नवरी दबेल, सतराला सतरा होतील."

"माझा सिंह सरकत नाही," राजे हळूच म्हणाले.

"सतरा फरश्या, सेनापती, पंडित, कारभारी, माझा म्हातारा बाप, सगळे महिनाभर सरकताहेत," सगुणा म्हणाली. "सगळ्या राज्यानं हलायचं आणि एका पितळेच्या सिंहानं नाही, अशी आज्ञा असेल तर मी बापाशेजारी जाऊन बसते."

राजांनी तिच्याकडे पाहिलं, मग सिंहाकडे. त्यांनी कासाराची वाट पाहिली नाही. कट्यारीच्या टोकानं सिंह उचकटला आणि शेजारच्या कुंकवाच्या घरात ठेवला. मग एकेक फरशी लावू लागले. दोनदा चुकले. सगुणानं तिसऱ्या खेपेला एकच फरशी आडवीची उभी करून दिली आणि सतरावी अलगद बसली.

राजे पटाकडे पाहत राहिले आणि एकदम खो-खो हसू लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हसायला हरकत नाही अशी खात्री पटल्यावर दरबारही हसला.

भिवाला पालखीत घालून घरी पोचवलं. नदीकाठची बारा बिघे जमीन सगुणाच्या नावानं झाली आणि दर गुरुवारी राजांना खेळ शिकवायचं काम तिच्याकडे आलं. राजपंडितांनीही त्याच वर्गात बसावं, अशी आज्ञा निघाली, मागच्या ओळीत.