सांध्यांतला कापूस

समुद्रकाठच्या एका ख्रिस्ती कोळीवाड्यात बस्त्यावबाबा नावाचा एक वृद्ध सुतार होड्या बांधीत असे. वय ऐंशीच्या घरात, तोंडात दात मोजके, बोलणे त्याहून मोजके. हसणे मात्र भरपूर. त्याच्या हाताखाली इनास नावाचा तिशीतला शिष्य काम शिकत होता. हा इनास कामात चोख आणि स्वभावाने इतका प्रामाणिक, की त्या प्रामाणिकपणाचा त्याचा त्यालाच जाच व्हावा.

या सज्जनापुढे त्या आठवड्यात एक पेच उभा राहिला होता. रविवारी त्याच्या बहिणीच्या, मोनीच्या, तान्ह्या लेकीचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, होता. बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारा धर्मपिता म्हणून आपला भाऊच उभा राहणार, हे मोनीने बाळ पोटात असल्यापासून ठरवून टाकले होते. वेदीसमोर फादर विचारणार, "देवावर तुमची श्रद्धा आहे का?" आणि धर्मपित्याने सर्वांदेखत म्हणायचे, "आहे." एवढा एकच शब्द, पण तोच इनासच्या तोंडून निघेना. गेल्या वर्षी आईच्या आजारपणात त्याने नऊ दिवस गुडघे टेकून प्रार्थना केली होती, आणि दहाव्या दिवशी आई गेली. तेव्हापासून प्रार्थनेला बसला की त्याच्या मनात यायचे, पलीकडे ऐकणारे कोणी आहे ना? असा प्रश्न मनात घेऊन देवाच्या दारात खोटे कसे बोलावे? त्याने मोनीला सरळ नकार कळवला. ती आधी रडली, मग भांडली, आणि शेवटी बोलेनाशी झाली.

मग इनासने सगळी तगमग कामावर काढली. दुमिंग नाखव्याची नवी होडी तयार होत आली होती आणि फळ्यांच्या सांध्यांत कापूस भरण्याचे काम इनासकडे होते. त्याने एक थर भरला, दुसरा भरला, आणि तिसरा हातोड्याने असा ठासला की सांध्यात सुईसुद्धा शिरू नये. आपले मन गळके झाले ते झाले, निदान होडीत तरी थेंब येता कामा नये, असे त्याने मनाशी घेतले होते.

गुरुवारी सकाळी बस्त्यावबाबा आला. त्याने सांध्यांवरून अंगठा फिरवला, लोखंडी आकडी उचलली आणि शिष्याने तीन दिवस खपून भरलेला कापूस ओढून काढायला सुरुवात केली. म्हाताऱ्याने निम्माअधिक कापूस वाळूत टाकला, उरलेल्यावर राळ चोपडली आणि दुपारच्या भरतीला हुकूम सोडला, "ढकला पाण्यात."

होडी खाडीत उतरली आणि थोड्याच वेळात आत घोट्याएवढे पाणी साचले. दुमिंग नाखवा काठावरून ओरडू लागला, "बाबा, मी होडी सांगितली होती, हौद नाही!" बस्त्यावबाबा होडीतल्या आडव्या फळीवर, पाण्यात पाय सोडून, खदाखदा हसत होता.

"इनास, डबा घेऊन ये. उपसायला लाग."

इनास रागारागाने पाणी उपसू लागला. "बाबा, मी थेंबही आत येऊ दिला नसता."

"खरं आहे. पण ही लाकडं उन्हात सुकलेली आहेत रे. पाणी प्यायली की फुगणार. फुगायला तू जागाच ठेवली नव्हतीस. फळ्यांनी एकमेकींना रेटलं असतं आणि खिळे उखडले असते, तेही भर समुद्रात. आत येतंय ना, तेच पाणी लाकूड फुगवतं आणि सांधा मिटवतं. दोन दिवस थांब."

"मग सगळं बंद होईल?"

"सगळं? छे! थोडं येतच राहतं, ते रोज सकाळी उपसायचं. साठ वर्षांत कोरडीठाक होडी मी एकच पाहिली. ती चुलीसाठी फोडायला काढली होती."

इनासला हसू आले, पण ते ओठांपर्यंत पोचले नाही. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिले.

"मोनी आली होती माझ्याकडे," तो म्हणाला. "तुला वाटतं, मनात शंका असेल त्याने 'आहे' म्हणू नये. मग आपल्या चर्चमध्ये कोणीच म्हणू नये, मी तर नाहीच नाही. माझी बायको जाऊन बावीस वर्षं झाली. अजूनही एखाद्या पहाटे क्रुसाची खूण करतो आणि विचारतो, देवा, आहेस ना रे? उत्तर येतंच असं नाही. पण मी विचारतो कोणाला, सांग बघू?"

इनासच्या हातातला डबा थांबला. "म्हणजे वर्षभर मी जे विचारत होतो..."

"ती प्रार्थनाच होती, वेड्या! ज्याच्याशी संबंध तुटला, त्याला माणूस रोज हाका मारतो का? आता उपस, नाहीतर दोघेही बुडू."

या वेळी मात्र इनास मोठ्याने हसला. वर्षभरात प्रथमच त्याला मोकळे वाटले.

शनिवारी सांधे मिटले होते. होडीच्या तळाशी बोटभर पाणी उरले होते आणि दुमिंग नाखवा सगळ्या वाड्यात पेढे वाटत फिरत होता. इनास मोनीच्या दारात गेला. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले, बाळाचा पांढरा झगा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "आलास? मग इस्त्री कर."

रविवारी फादरांनी रीतीप्रमाणे तीनदा प्रश्न विचारला. पहिल्या वेळी इनासचे उत्तर त्याचे त्यालाही नीट ऐकू आले नाही. दुसऱ्या वेळी मोनीने कोपराने ढोसले. तिसऱ्या वेळी तो "आहे!" असे इतक्या जोरात म्हणाला, की त्याच्या हातांवर झोपलेले बाळ दचकून रडू लागले आणि सगळे चर्च हसले. डोळे पुसत इनासही हसला. मनात प्रश्न होताच. पण तो ज्याला विचारायचा, त्याच्याच घरात बाळाला घेऊन तो उभा होता.