अत्तर परत आलं नाही

मला सांगा, भरवसा कोणावर ठेवावा? जागा न सोडणाऱ्यावर, की कुठेही मिसळून जाणाऱ्यावर? घाई करू नका, आधी ऐका.

फार पूर्वी नेमाशेटच्या दुकानात खडीसाखर आणि अत्तराची कुपी एकाच फळीवर राहत. खडीसाखर म्हणायची, "तीन वर्षं मिठाच्या खड्याला खेटून बसलेय, पण माझा कण तिकडे गेला नाही. आमचे कण हात धरून उभे असतात. तुझं बूच निघालं की तू गावभर."

"ताई, माझे कण सुटे. घरी थांबतच नाहीत," अत्तर हसून म्हणायचं.

एका दुपारी मांजराने फळीवरचा तांब्या लवंडला. पाणी फळीवरून खडीसाखरेकडे निघालं.

"मला थांबता येत नाही गं," पाणी म्हणालं. "माझे कण एकमेकांवरून घसरतात. तुझ्यापाशी पोचलं, की तुझ्या कणांचे हात सुटतील."

खडीसाखरेला हलता येईना. नेमाशेट आतल्या खोलीत घोरत होते.

"मला उठवता येईल त्यांना," अत्तर म्हणालं.

"परत कुपीत येशील ना?"

"ते नाही जमायचं, ताई."

अत्तराने आतून हिसका दिला, तशी कुपी गडगडली, खाली पडली आणि फुटली. वास दाराच्या फटीतून आत शिरला. नेमाशेट धावत आले, आणि त्यांनी आधी खडीसाखर उचलली.

संध्याकाळपर्यंत वास विरला. खडीसाखर मात्र अजून त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बसते.

तुमच्याही हिशेबाच्या वहीत असं एक नाव असेल, जे आपलं दिलेलं मागायला परत येणार नाही. ते जमेला लिहा. एवढा हिशेब खरा ठेवा.