शिडी धरणारीचं शून्य

“जिची टोपी हलत नाही, ती काम करत नाही! परवापासून सगुणाचं काम बंद!” राजा भव्यकेतूनं दरबारातल्या पडद्याकडे बोट दाखवत हुकूम सोडला.

राजा मनोरा बांधत होता. कशासाठी? तर शेजारच्या राजाच्या मनोऱ्यापेक्षा एक हात उंच हवा म्हणून. त्यात प्रधान दौलतपंत परदेशवारी करून आले आणि येताना पेटारा भरून चिपा घेऊन आले. माल कालवणाऱ्या मशीनला सिमकार्ड बसलं, विटांच्या गाड्यांना जीपीएस लागलं आणि सगळ्याची खबर दरबारातल्या भिंतीएवढ्या पडद्यावर उमटू लागली. खोटं कशाला बोला, फायदाही झाला. सिमेंटच्या गोण्यांना पूर्वी पाय फुटायचे, ते थांबलं. विटांच्या गाड्या वाट चुकून नेमक्या प्रधानांच्या मेव्हण्याच्या अंगणात जायच्या, त्याही मुकाट्यानं मनोऱ्यावर येऊ लागल्या.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण प्रधानांनी कामगारांच्या हेल्मेटमध्येही चिपा बसवल्या. टोपी जास्त हलली तर माणूस कामसू, कमी हलली तर कामचुकार! झालं, पांडबा नावाचा एक आळशी आपली टोपी मशीनच्या फिरत्या ड्रमला बांधून सावलीत घोरू लागला. महिन्याअखेर राजानं त्यालाच ‘उत्कृष्ट कामगार’ म्हणून शेला दिला. शेला घ्यायला त्याला झोपेतून उठवावं लागलं.

आणि सगुणा? तिचे वडील भागोजी गवंडी शिडीवर चढून गिलावा करायचे आणि ती नऊ वर्षं खाली शिडी घट्ट धरून उभी राहायची. पडद्यावर तिच्या नावापुढे रोज शून्य. हुकूम कानावर पडताच ती तरातरा दरबारात आली.

“महाराज, मी हलले तर आबा खाली येतील!”

“पडद्यावर आबा दिसत नाहीत,” प्रधान म्हणाले. “शून्य दिसतं.”

“मग पडद्यालाच सांगा की शिडी धरायला!”

दरबारी तोंडावर उपरणं धरून हसले. राजा भडकला. “जीभ फार हलते गं तुझी!”

“तिच्यावर बसवा ना चिप, महाराज! पहिला नंबर माझाच येईल!”

“बस्स!” राजा ओरडला. “परवा कळस बसवायचाय. तोवर तू खिळून उभी राहावीस असं स्वतःच्या तोंडानं म्हणणारा एक माणूस आण. कामगार नको, तुझा नातेवाईक नको. टोपी घालणारा, पडद्यावर नाव असलेला, प्रतिष्ठित माणूस हवा! नाही आणलास तर तू घरी, आणि भागोजी शिडीवर एकटा!”

भागोजींचे गुडघे आताशा कुरकुरायला लागले होते. शिडी कुणी धरली नाही तर काय होईल, हे कळायला तिला पडदा नको होता. प्रतिष्ठित माणसं सगळी प्रधानांच्या खिशात. बोलणार कोण? पण सगुणा कुणाच्या दारात गेलीच नाही. तिनं फक्त मनोऱ्याच्या गच्चीवर, कळसासाठी लावलेल्या शिडीशेजारी, कुणी पडलंच तर लागू नये म्हणून मऊ वाळूचा ढीग घातला.

“अगं, वाळू कसली उपसतेस? माणूस शोध!” भागोजी कळवळून म्हणाले.

“माणूस आपल्या पायानं येतोय, आबा.”

मुहूर्ताचा दिवस उजाडला. कळस मालकानं स्वतःच्या हातानं बसवायचा, अशी तिथली रीत. राजा सोन्याचं हेल्मेट घालून आला. प्रधानांनी त्यातही चिप बसवली होती. शिडी धरायला सगुणा होती, कारण तिची मुदत अजून संपली नव्हती. राजा कळस काखोटीला मारून चढू लागला आणि पाचव्या पायरीवर शिडी डुलली. त्यानं खाली पाहिलं. सगुणा दोन्ही हातांनी शिडी धरून एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या पायावर नाचत होती!

“अगं ए, शिडी हलतेय!”

“मी हलतेय, महाराज! शिडी नुसती माझ्या संगतीला आहे. टोपी हलायला नको का?”

“प्रधानजी! काहीतरी करा!”

प्रधानांनी हातातल्या टॅबवरून मान वर केली नाही. “काळजी नसावी महाराज, इथं सगळं हिरवं दिसतंय!”

शिडी बोटभर सरकली. राजानं कळसाला मिठी मारली आणि बोंब ठोकली, “हलू नकोस! गप उभी राहा! सगुणा, खिळून उभी राहा गं!”

सगुणा उभी राहिली. शिडी जागच्या जागी थांबली.

“सापडला, महाराज, माणूस सापडला!” ती खालून म्हणाली. “कामगार नाही, माझ्या नात्यातला नाही, डोक्यावर टोपी आहे, पडद्यावर नावही आहे. आणि खिळून उभी राहा, असं स्वतःच्या तोंडानं म्हणाला!”

राजा काही बोलणार, तोच प्रधान आनंदानं ओरडले, “अभिनंदन, महाराज! तुमच्या टोपीनं उच्चांक मोडला! आजचे उत्कृष्ट कामगार तुम्हीच!”

राजानं आपल्या लटलटणाऱ्या पायांकडे पाहिलं. “अहो, काम कसलं? भीतीनं कापत होतो मी!”

“तुम्ही कापलात तर उच्चांक, आणि मी तुम्हाला धरलं तर शून्य!” सगुणा म्हणाली. “महाराज, पडद्यावर हललेलं दिसतं. न पडलेलं कुठं दिसतं?”

राजा शिडीवरच खो खो हसत सुटला. हसता हसता त्यानं कळस बसवला, खाली उतरला आणि हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाच्या हातात घातलं. तिचं काम कायम झालं. मग पांडबाला दुसऱ्या शिडीवर चढवलं आणि ती धरायला खाली प्रधानांना उभं केलं.

संध्याकाळी पडद्यावर प्रधानांच्या नावापुढे शून्य उमटलं. उभ्या आयुष्यात त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा काम केलं होतं!