वर्गणीचं वजन

खडकमाळच्या रणधवलराजांना विमान उडवता येत होतं, पण वाट सापडत नव्हती. गेल्या महिन्यात ते सासुरवाडीला म्हणून निघाले आणि शेजारच्या राजाच्या तळ्यात उतरले. त्या राजाने अंग पुसायला पंचा दिला, चहा दिला आणि निघताना "पुन्हा या" म्हणाला. ते "पुन्हा या" आपल्या राजांना फार झोंबलं.

मग गुणवंतशेट दोन वाटाडे घेऊन आला. वाटाडे म्हणजे माणसं नव्हेत, तळहातावर मावणारी यंत्रं. आकाशातल्या उपग्रहांना विचारून काचेवर वाट दाखवायची. एक काळं, एक करडं.

"काळं घ्या, सरकार!" शेट म्हणाला. "जवळजवळ फुकट! फक्त वर्षाला थोडी वर्गणी."

"आणि करडं?"

"किंमत तिप्पट. नकाशे आतच भरलेत. नवे हवे असतील त्या वर्षी पैसे द्यायचे, नसतील हवे तर जुन्यावर उडायचं. पण ते कशाला घेता? महाग आहे!"

"वर्गणी नाही भरली तर काळं काय करतं?" दिवाण आबाजीपंतांनी विचारलं.

"काही करत नाही," शेट म्हणाला. "म्हणजे काहीच करत नाही."

राजे आणि दिवाण आठ दिवस भांडले, तेही धावपट्टीच्या कडेला, भर उन्हात. सकाळी राजे म्हणत काळं, पंत म्हणत करडं. जेवणं झाली की राजे करड्यावर आणि पंत काळ्यावर! तिथंच ठकूबाई गवत कापत होती. धावपट्टीवर गवत वाढू द्यायचं नाही आणि विमान यायच्या वेळी म्हशी हाकलायच्या, हे तिचं काम. नवव्या दिवशी तिच्या डोक्याचा भुगा झाला. विळा खाली टाकून ती म्हणाली, "काय मेलं आठ दिवस तेच तेच! दोन्ही तोलून बघा आणि घ्या एक!"

राजे गर्रकन वळले. "तोलून?"

"तर काय!"

"वर्गणीसकट?"

"वर्गणीसकट!" ठकूबाई बोलून गेली.

झालं! रणधवलराजे शब्दाचे पक्के, त्यातून दुसऱ्याच्या शब्दाचे. "उद्या दरबारात तराजू लावतो. दोन्ही यंत्रं तोल आणि वर्गणीही तोल. नाणी ठेवून फसवायचं नाही! पुढल्या वर्षांची, अजून न दिलेली वर्गणी पारड्यात दिसली पाहिजे. नाही जमलं तर यंत्र नकोच. तुलाच विमानात पुढं बसवतो. मान बाहेर काढायची आणि डावं-उजवं सांगायचं!"

ठकूबाईला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर भोवळ यायची. घरी येऊन तिने भाकरी टाकली, ती करपली. दुसरी टाकली, तीही करपली.

"मधे बोलायचं कशाला?" नवरा म्हणाला.

"मग काय आठ दिवस खालून ऐकत बसू?"

"आता वरून ऐक."

तेवढ्यात जत्रेची वर्गणी मागणारे दारात आले. ओट्यावर ऐसपैस बसले. तिने चहा दिला, त्यांनी लाडू मागितले. लाडू दिले, तर पाणी मागितलं. ते उठेपर्यंत ठकूबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मग तिसरी भाकरी टम्म फुगली.

दुसऱ्या दिवशी दरबारात मोठा तराजू टांगला होता. राजांच्या वाढदिवशी गूळतुला व्हायची, तोच. ठकूबाईने एका पारड्यात काळं ठेवलं, दुसऱ्यात करडं. काटा मधोमध.

"आता वर्गणी!" राजे म्हणाले.

"ठेवते. शेटजी, ही वर्गणी तुमच्याकडे आपोआप चालत येते का?"

"आपोआप कशी येईल? मी येणार ना वसुलीला!"

"दरवर्षी?"

"बाई, एक वर्ष चुकणार नाही!"

"मग बसा."

"कुठं?"

"काळ्याच्या पारड्यात. पुढल्या वर्षांची वर्गणी ती हीच, सरकार! बघा, पगडीसकट आली आहे."

शेट राजांकडे बघू लागला. राजे म्हणाले, "बस."

शेट बसला. पारडं धाडकन जमिनीला टेकलं आणि करडं यंत्र उडालं. पंतांनी ते उपरण्यात झेललं.

"हा अन्याय आहे!" शेट ओरडला. "नकाशे दरवर्षी बदलतात!"

"डोंगर जागा बदलतात का?" ठकूबाईने विचारलं.

"डोंगर नाही, पण नवे मनोरे उभे राहतात!"

"मग मनोरा उभा राहील त्या वर्षी करड्याला पैसे देऊ. उगीच रिकाम्या आभाळाचे कशाला?"

शेटने घाम पुसला. "बरं, झालं ना तोलून? उतरू आता?"

"उतरा की! पण वर्गणी उतरली तर काळं चालत नाही. तुम्हीच सांगितलंत."

शेट पुन्हा खाली बसला. ठकूबाई राजांकडे वळली.

"सरकार, करडं घेतलंत तर विमानात एक यंत्र चढेल. काळं घेतलंत तर यंत्र आणि शेट, जन्मभर! विमानात जागा दोन. राणीसाहेबांना कुठं बसवणार?"

राजांनी पारड्याकडे पाहिलं, शेटच्या पोटाकडे पाहिलं, मनात विमानाची दुसरी जागा मोजली. आणि मग असे हसले की पंतांच्या हातून करडं यंत्र सुटता सुटता राहिलं!

"करडं घ्या, पंत! आणि ठकू, तू बक्षीस माग. शंभर लुगडी देतो!"

"शंभर लुगडी ठेवू कुठं, सरकार? वर्षाला दोन द्या. मात्र न चुकता."

राजांनी हसत हसत मान डोलावली आणि पहिली दोन तिथंच मागवली.

शेट अजून पारड्यातच होता. गंभीर चेहऱ्याने पंतांना म्हणाला, "या बाईला आमच्या धंद्यात घ्यायला पाहिजे."